चांगुणेचा पहारा

मच्छिंद्रला झोप लागत नव्हती असं नाही. झोप लागायची. दिवसभर पहार हाणून आलेला माणूस, भाकरी खाऊन घोंगडीवर अंग टाकलं की धोंड्यासारखा पडायचा. पण मध्यरात्र कलली की त्या झोपेत बार उडायला लागायचे. एक... दोन... तीन... चार... पाच. आणि सहाव्याची वाट बघता बघता डोळे टक्क उघडायचे. सहावा काही उडायचा नाही. मग उरलेली रात्र आभाळाकडे बघत काढायची. पहाटे कुठं डोळा लागतोय तोवर त्याच्या बायकोचं, चांगुणेचं जातं सुरू व्हायचं.

महिना झाला, असंच चाललं होतं.

पारनेर तालुक्यातलं पिंपळदरं म्हणजे माळावरचं गाव. बहात्तरच्या साली पाऊस तोंड दाखवून गेला आणि त्र्याहत्तरच्या चैतात गावविहिरीच्या तळाला घागर खरवडायला लागली. विहीर खोल करायची ठरली. वरच्या पंचवीस हातांवर मऊ मांजऱ्या दगड, तो पहारीनेच निघाला. त्याच्याखाली मात्र काळा पाषाण लागला, पहार आपटली की ठिणग्या उडायच्या. त्याला सुरुंगाशिवाय दुसरी भाषा कळत नव्हती, आणि ती भाषा गावात एकाच घराला येत होती. मच्छिंद्रचे वडील गोरक्षनाथ यांनी आसपासच्या चाळीस विहिरींना सुरुंग लावले, पण एका माणसाच्या अंगाला कधी ओरखडा येऊ दिला नाही. मरताना त्यांनी लेकाला शेत दोन एकर दिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या. बार स्वतः भरायचा. वात स्वतः पेटवायची. आणि बार उडताना स्वतः मोजायचे. जितके पेटवले तितके उडाले तरच माणूस खाली सोडायचा. एखादा मुका राहिला, तर त्याला एक अख्खी रात्र द्यायची, त्या दिवशी विहिरीत पाऊल नाही.

महिन्यापूर्वी मच्छिंद्रने सहा पेटवले आणि पाच ऐकले. "थांबा" म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर त्याचा मेव्हणा बन्सी, पोरगेला गडी, दोराला धरून निम्म्यावर उतरलासुद्धा होता. त्याला वर ओढून काढेपर्यंत मच्छिंद्रचा जीव मुठीत होता. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन पाहिलं तर सहाच्या सहा भोकं फुटलेली. दोन बार एकदमच उडाले होते. माणसं हसली, बन्सीने मिशीवर हात फिरवला, काम पुढे चालू झालं.

मच्छिंद्रची झोप मात्र त्या निम्म्या दोरावरच लटकून राहिली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "ऊन बाधलंय, दुसरं काय न्हाई."

आता ऊन बाधलंय म्हटल्यावर गाव गप्प बसेल का? शेजारची आक्काबाई, सत्तरीची म्हातारी, काशाची वाटी आणि एरंडेल घेऊन हजर झाली. "पाय कर इकडं. तळव्यातून समदी आग वडून काढते."

"आक्का, गुदगुल्या व्हत्यात गं!"

"व्हऊं दे. वाटी काळी पडली बघ. एवढी आग घिऊन निजत हुतास व्हय रं, लेकरा?"

चांगुणा बोलायची कमी, करायची जास्त. तिने दिवस मावळल्यावरचा गुळाचा चहा बंद केला. भाकरी दिवेलागणीच्या आतच पुढ्यात ठेवायला लागली. दुपारी बाभळीखाली तासभर आडवं व्हायची त्याची सवय होती, तिथे ती स्वतः येऊन उभी राहायची, "उठा, रातची झोप दिसाला खर्चू नगा" म्हणायची. अंथरूण घरातून काढून खळ्यावर, वाऱ्याच्या अंगाला घातलं. शेळीच्या वाटीभर दुधात जायफळ उगाळून द्यायची, तेही दगडावर दोन वळसे, तिसरा नाही. गुण आला नाही असं कसं म्हणावं? पूर्वी मच्छिंद्र मध्यरात्री जागा व्हायचा, आता अर्धा प्रहर उशिरा व्हायला लागला. पण पाचव्या बारापाशी यायचा आणि तिथेच उठून बसायचा.

आणि एक दिवस लोकांच्या देखत त्याचा हात चळला. सुरुंगाच्या तोट्यात वात बसवताना बोटं थरथरली. वात निसटून मातीत पडली. सरपंच सूर्यभान पाटील काठावरूनच बघत होते.

"मच्छिंदर, वर ये." पाटलांनी त्याला बाजूला नेलं. आवाज चढवला नाही, त्याचंच मच्छिंद्रला जास्त लागलं. "सप्ता बसतोय. सात दिस काम बंद. काल्याच्या दुसऱ्या दिवशी तळाला आठ बार घालायचेत. तवर हात थाऱ्यावर आला तर तूच. न्हाई तर श्रीगोंद्याकडून मानूस आनावा लागंल. बाबा, खाली पोरं असत्यात आपली."

बाहेरचा माणूस! गोरक्षनाथांच्या गावात, गोरक्षनाथांच्या विहिरीवर. मच्छिंद्रला वाटलं, यापेक्षा पाटलांनी कानाखाली मारली असती तर बरं.

सप्ता बसला. दुष्काळ होता म्हणून पंगती नव्हत्या. ओंजळभर सुकडी हाच प्रसाद. पण नामाला कसला दुष्काळ? मारुतीच्या देवळात टाळमृदंगाचा गजर असा चढायचा की कोरड्या माळालाही ओल आल्यासारखी वाटावी. कीर्तनाला भिंगारचे राधाकृष्णबुवा आले होते. बुवा छावणीत लष्कराच्या कोठारात नोकरीला, आणि रजा मिळाली की कीर्तनाला. दिवसभर पोत्यांवर ओरडणारा तोच गळा रात्री देवाच्या पुढे असा मऊ व्हायचा की ऐकणाऱ्याने पदराने डोळे पुसावेत.

सप्त्याची वीणा सात दिवस, सात रात्री खाली ठेवायची नसते. दोन-दोन तासांचा पहारा. एकाने वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, वेळ झाली की दुसऱ्याने यायचं, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची, आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. लहानमोठं काही पाहायचं नाही. मच्छिंद्रने आपणहून तिसऱ्या रात्रीचा, मध्यरात्रीनंतरचा पहारा मागून घेतला. नाहीतरी जागाच असतो, देवाच्या पायाशी तरी जागू.

त्याचे दोन तास भरले आणि त्याच्यानंतरचा पहारेकरी आसाराम शिंपी आला. हात पुढे केले. मच्छिंद्र वीणा देईना.

"तू जा, आसाराम. नीज. मी हाय उभा."

"आरं, माझा पहारा हाय!"

"माझी झोप न्हाईतरी गेलीच हाय. तुझी कशाला मोडायची?"

"मी काय तुज्या झोपेची भीक मागाया आलोय का? माझी सेवा हाय ती! वरसातनं दोन तास मिळत्यात मला देवाचे, ते बी तू खानार?"

असा वाद होता होताच मच्छिंद्रच्या डोळ्यांवर झापड आली. उभ्या उभ्या मान कलंडली, गुडघा लवला, आणि वीणेचा भोपळा फरशीपासून चार बोटांवर आला. आसारामने झेप घालून ती दोन्ही हातांवर झेलली. देवळातली माणसं पुढे धावली. वीणा टेकली असती तर सप्ता भंगला असता.

मच्छिंद्र बाहेर येऊन पारावर बसला. मान वर होईना. थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. राधाकृष्णबुवा होते. रागावतील म्हणून तो वाट पाहत राहिला. बुवांनी पानाची चंची सोडली.

"मच्छिंद्रराव, छावणीच्या फाटकावर बंदूकवाला शिपाई उभा असतो. चोवीस तास. एक मिनिट फाटक रिकामं नसतं. पण तोच शिपाई चोवीस तास असतो का?"

"न्हाई, बुवा. बदलत आसंल."

"बदलतो. न बदलणारा शिपाई शूर नसतो, धोक्याचा असतो. वीणेचंही तेच. ती खाली ठेवायची नाही हे खरं, पण एकाच गळ्यात ठेवायची नाही, हेही तितकंच खरं. दुसरी गोष्ट माणसं विसरतात." बुवांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "आता सांगा. ही वीणा तुम्ही आज धरून बसलात. पण महिनाभर गळ्यात घालून फिरताय, ती कुठली?"

मच्छिंद्रचा बांध फुटला. सहा पेटवले, पाच ऐकले, बन्सी दोरावर. पहिल्यांदाच त्याने हे तोंडातून बाहेर काढलं.

बुवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ही काळजी टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. बार भरणाऱ्याने काळजी टाकली तर माणसं मरतील. पण झोपताना पहारा बदला. घरात कोण आहे? त्यांच्या गळ्यात द्या. आणि मध्येच जाग आली तर झोपेशी झटापट करायची नाही, तिला हाका मारायच्या नाहीत. उताणं पडायचं. श्वास घेताना 'रामकृष्ण', सोडताना 'हरी', आणि हा हरी लांबवायचा, मृदंग विलंबितात चालतो तसा. येईल, न येईल. नाम तरी पदरात पडेल!"

घरी आला तेव्हा चांगुणा खळ्यावर बसली होती. देवळातली बातमी त्याच्याआधी घरी पोचली होती. त्याने तिला सगळं सांगितलं. शेवटी तिने कपाळावर हात मारून घेतला.

"आवं, पाच न्हाई, सहाच उडाले हुते त्या दिशी!"

"ते सकाळी कळलं गं. पर ऐकताना पाचच..."

"सकाळी कशापाई? मला तवाच ठावं हुतं. तिसरा आन चौथा जोडीनं उडाला. आवाज एक, पर पायाखाली दोन दणकं बसलं. मी काय कानानं मोजते व्हय? टाचंनं मोजते." तिने पदराची गाठ सोडली. आत बोराएवढे खडे होते. "जितक्या वाती पेटल्या तितकं खडं उजव्या हातात. दनका बसला की एक पदरात. मागनं धनी खाली उतरनार, भाऊ खाली उतरनार. मी मोजू न्हाई तर काय करू?"

मच्छिंद्रने एक खडा उचलून बोटांत फिरवला. बारा वर्षं ही बाई काठावर पाटी घेऊन उभी होती, आणि बारा वर्षं मोजत होती.

"मग बोलली का न्हाईस?"

"इचारलं कवा तुमी? आन चारचौघांत तुमचं मोजमाप खोटं पाडू? आन वरनं तुमी म्हनला ऊन बाधलं, मी आपली जायफळ उगाळत बसले. बाराला जायफळ लागू पडतंय व्हय!"

दोघंही हसले. महिन्यात पहिल्यांदा. मग मच्छिंद्र उठला, ते खडे तिच्या पदरातून घेतले, परत दोन्ही हातांनी तिच्या ओंजळीत घातले, आणि वाकून तिच्या पायाला हात लावला.

"आगं बया! ह्ये काय? मला पापात घालता का?"

"वीनेचा रिवाज हाय. पहारा बदलला की पाया पडायचं. रामकृष्णहरी."

चांगुणेने गोंधळून इकडे तिकडे पाहिलं, कुणी नाही असं बघून त्याच्या पायाला हात लावला. "रामकृष्णहरी. निजा आता. माझा पहारा."

त्या रात्री तो पाचव्या बारापाशी जागा झाला. शेजारी चांगुणा निजली होती, मूठ मिटलेली. मोजणारं माणूस आहे, असं मनाशी म्हणून त्याने हरी लांबवला. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला जो गेला तो उजाडल्यावर उठला. पुढच्या रात्री जाग आलीच नाही. तिच्या पुढच्याही. रोज निजायच्या आधी खडे तिच्या ओंजळीत जायचे. आक्काबाईने एकदा हे पाहिलं आणि गावभर केलं, "मच्छू बायकूच्या पाया पडतुया!" माणसांनी त्याला लई पिडलं. तो म्हणायचा, "पडतो. तुमी बी पडून बघा, झोप चांगली लागती."

काल्याच्या दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळा गाव जमला. मच्छिंद्रने बोटांवर काडी आडवी ठेवून पाटलांच्या पुढे हात धरला. काडी हलली नाही. पाटील नुसते मानेने "व्हय" म्हणाले.

आठ बार भरले. आठ वाती पेटल्या. तो वर आला, दगड वर ओढायच्या यारीच्या मागे बसला. धडाम्. धडाम्. दगड उडाले, धुरळा उठला, समोरच्या डोंगरावरून आवाज फिरून आला.

"आठ!" बन्सी ओरडला. "दाजी, आठ झालं! उतरू?"

"आठच," आसाराम म्हणाला. आणखी दहा जणांनी माना हलवल्या.

मच्छिंद्रच्या कानातही आठच होते. महिन्यापूर्वी तो आपल्याच कानाला चिकटून बसला असता. आता त्याने काठापलीकडे पाहिलं.

"चांगुणे, किती?"

सगळा गाव वळला. चांगुणेने डोक्यावरचा पदर सावरला. एवढ्या पुरुषांत ती कधी बोलली नव्हती. पण आवाज कापला नाही.

"सात. आठवा डोंगराचा हुता. पायाखाली न्हाई आला." आणि उजवी मूठ उघडली. एक खडा शिल्लक होता.

"बायामानसाच्या खड्यावर काम थांबवायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

"थांबवायचं," मच्छिंद्र म्हणाला. "मुका बार हाय खाली. उद्या सकाळपतुर कुनी उतरायचं न्हाई. सकाळी मी उतरतो."

मुक्या बाराला कोरून काढता येत नाही. त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर दुसरं भोक सरळ, समांतर पाडायचं आणि नवा बार भरायचा. तो उडाला की मुका त्याच्याबरोबर उडतो. भोक तिरकं गेलं, पहार मुक्याला लागली, तर माणूस संपला. तिथे हात दगडासारखा लागतो आणि डोकं पाण्यासारखं. म्हणजेच रात्रभर झोप लागते. आणि झोपायचं कसं, तर विहिरीत जिवंत बार ठेवून.

त्या संध्याकाळी पिंपळदऱ्यात जे झालं ते अजून लोक सांगतात. कुणी कुणाला सांगितलं नाही. आक्काबाई काशाची वाटी घेऊन आली, दोन्ही तळवे चोळले, एक शब्द न बोलता गेली. पाटील आणि आसाराम कांबळी घेऊन विहिरीच्या काठावर बसले, कुणी चुकून उतरू नये म्हणून. देवळातलं भजन त्या दिवशी टाळांशिवाय झालं, नुसत्या ओठांवर. बन्सीने गल्लीतली कुत्री माळापलीकडे हाकलली. पोरांना बायांनी दामटून निजवलं. आक्काबाईचं करडू ओरडायला लागलं तर तिने ते कुशीत घेतलं.

मच्छिंद्रने सात खडे आणि तो एक खडा असे आठही चांगुणेच्या ओंजळीत घातले. पाया पडला. "ह्यो आठवा जड हाय, चांगुणे."

"माझ्याकडं हाय न्हवं? मग निजा."

सगळा गाव जागा होता आणि एकटा मच्छिंद्र झोपला होता. सात बार त्याच्या झोपेत आले की नाहीत देव जाणे. तो हललासुद्धा नाही.

उजाडताच तो न्याहारी करून एकटा उतरला. वरून फक्त पहारीचा आवाज येत होता, एका लयीत, घाई नाही की थकवा नाही, जणू खाली कुणी विलंबितात टाळ धरला आहे. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो आवाज चालला. मग थांबला. मग मच्छिंद्र वर आला, वात पेटवून.

धडाम्!

"एक," बन्सी म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "दाजी, एकच..."

पण कुणी त्याच्याकडे बघतच नव्हतं. सगळे चांगुणेकडे बघत होते. पाटीलसुद्धा, राधाकृष्णबुवासुद्धा. बुवा तर एका दिवसाची रजा वाढवून थांबले होते. चांगुणा डोळे मिटून, अनवाणी टाचा खडकात रोवून उभी होती. तिने डोळे उघडले. पदरात एक खडा टाकला. सगळे थांबले. मग तिने दुसरा टाकला.

"दोन. जोडीनं गेलं."

त्याच वेळी यारीच्या मागून मच्छिंद्रने दोन बोटं वर केली होती. त्यालाही या वेळी पायाखाली दोन दणके लागले होते.

पाटलांनी डोक्याचा पटका नीट केला. मोठ्याने म्हणाले, "श्रीगोंद्याचा मानूस आता आपल्याकडं शिकाया येऊं दे!" बाया तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्यातली प्रत्येक बाई जरा ताठ उभी होती.

खाली जाऊन पाहिलं तर दोन्ही भोकं स्वच्छ फुटली होती. फुटलेल्या पाषाणाच्या कुशीतून बोटभर ओलीची रेघ सरकत होती. मच्छिंद्रने ती बोटाने टिपून कपाळाला लावली.

घरी जाताना त्याने विचारलं, "रातभर जागी हुतीस व्हय गं?"

चांगुणेने चालता चालता पदराची गाठ घट्ट केली.

"पहारा माझा हुता," ती म्हणाली. "तुमाला काय करायचंय?"